मशीनची खांदेमळनी

त्या दिवशी गटाच्या खोलीत कोन कोन होतं ते आधी सांगून देते, म्हनजे मंग घोटाळा नको. एक मी, बायजा. गाव मले बायजाआजी म्हनते. दुसरी माही सून रेखा, इस्तरीची साडी नेसून खुर्चीवर बसेल. तिसरी शोभाबाई, आमच्या बचत गटाची अध्यक्ष. चौथी रुखमा, खोलीची किल्ली तिच्याच कमरेले राह्यते. अन् पाचवी, धाड गावच्या बाजारातून जीपनं धावत-पळत आलेली कानवाली. तिच्यासाठीच हे सारं सांगून राह्यली मी.

ती आली कशी ते आयका! रामराम नाई, जयभीम नाई. दारात चपला फेकल्या, खांद्याची पिशवी माह्या मांडीवर टाकली, अन् सरळ खाली बसून कंपुटरच्या डब्याले कान लावला. डोये मिटले. आमच्या चौघींचा जीव वर टांगेल, अन् हे बाई डब्याले कान लावून अशी बसेल जशी सुईन पोटुशीच्या पोटाले कान लावते. शोभाबाई बोलाले गेली, "अवं ज्योती, टाइम होऊन राह्यला..." त हात वर करून म्हने, "थांबा वं ताई. आयकू द्या मले."

तिचं खरं नाव ज्योती. डोणगावकडची. गावोगावच्या शाळा, पतपेढ्या, बायांचे गट, जिथं जिथं कंपुटर हाय तिथं ते दुरुस्तीले जाये. ST नं, जीपनं, कवा कोनाच्या गाडीवर मांगं बसून. आमच्या गटाले एका संस्थेनं कंपुटर देला, तिखट-हळदीच्या पुड्यांवरची लेबलं छापाले, तवा तो मांडून द्याले तीच आली होती. तवाच तिनं असा कान लावला होता. रुखमा म्हने, "हे काय वं, कानवाली कुठली!" अन् तेच नाव पडलं. तिले राग नाई आला. उलट फोन केला का सोताच म्हने, "कानवाली बोलून राह्यली, काय झालं?"

कान काऊन लावते, ते तिनं मले एकदा सांगितलं होतं. म्हने, "आजी, पंखा वरडून राह्यला म्हनजे हा गडी रिकामा नाई. आपन काम सांगितलं नाई अन् हा राबून राह्यला. मंग कोनाचं राबून राह्यला, ते पाहाले पाहिजे." मशीनले ते गडी म्हने. लोक बंद पडेल मशीनले थापडा मारत, तिनं कवा हात उगारला नाई. अन् काम झाल्याबिगर च्या घेत नव्हती. च्या मांडला तरी थंडा होऊ दे. काम झालं का मंग तोच थंडा च्या एका घोटात पेऊन टाके. मी गरम करून देते म्हनलं त म्हने, "राहू द्या आजी, हाच माहा पगार."

आता त्या दिवशी काय अडलं होतं ते सांगते.

माहा मानूस गेला तवा माहा पोरगा रांगत होता. मी लोकाइच्या वावरात निंदन केलं, कापूस येचला, पोराले वाढवलं, लगन करून देलं. अन् तोही गेला. ताप आला अन् गेला. घरात आम्ही दोघी राह्यलो, सासू अन् सून. लोक म्हने हिले माहेरी धाडून दे. मी म्हनलं, काऊन? ते काय गाठोडं हाय, आलं तिकडं परत धाडाले? तिले शिकायचं होतं. म्या तिले नर्सच्या शिक्षनाले घातलं. ते सकाळी कॉलेजले जाये, मी वावरात जाये. रडलो नाई आम्ही. रडाले टाइमच नव्हता.

ते शिकली. मंग एका लांबच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यानं तिले मुलाखतीले बलावलं. पन मुलाखत कंपुटरवर. मोबाइल चालनार नाई, कारन पयले कंपुटरवरच पेपर सोडवायचा, अन् लगेच कॅमेऱ्यात त्यांच्या मोठ्या बाईसंग बोलायचं. दुपारचा टाइम देलेला. चुकला का गेलं, मांगं दुसऱ्या पोरी उभ्याच हायेत. गावात कंपुटर एकच, आमच्या गटाचा. अन् त्या कंपुटरले दिवाळीपासून धाप लागेल!

काय सांगू, चालू केला का त्याचा पंखा हरभऱ्याच्या मळनीयंत्रावानी घुर्र करे. एक लेबल छापाले सांगा अन् स्वयंपाक करून या, तरी छापून झालेलं नाई. डब्याले हात लावला का चटका. रुखमानं त्याच्यावर मिठाच्या पान्याची पट्टी ठेवली होती, ताप उतराले! मी पाह्यलं म्हनून बरं, नाई त झालं होतं कल्यान. म्हनलं, "अवं बाई, विजेचा हाय तो." त म्हने, "मंग त्याले ताप येत नाई का? हात लावून पाह्य!"

त्या दिवशी सकाळपासून तोच खेळ. रेखा बसली, पेपरचं पान उघडलं, अन् पडद्यावर गोल गोल फिराले लागलं. फिरतच राह्यलं. शोभाबाईनं फोन लावला. नशीब पाहा, कानवाली धाडच्या बाजारात आलेली होती, तिथल्या एका दुकानाचं काम कराले. म्हने, "कोनी हात लावू नका. बंदबी करू नका. आली मी." बाजाराचा दिवस म्हनून जीपा सुटतच होत्या. आली.

त कान लावून झाला. डोये उघडले. रेखाले म्हने, "ऊठ बाई, जरासक." खुर्चीवर बसली, कीबोर्डावरचे तीन-चार बटनं संगंच दाबले, अन् पडद्यावर काहीतरी उघडलं.

"हे काय वं?" मी इचारलं.

"पंगत हाय आजी," म्हने. "याच्यात दिसते, कोन किती खाऊन राह्यलं. हे पाहा तुमच्या रेखाचा पेपर, कोपऱ्यात उपाशी बसेल. अन् हा एकटाच पाहा, सारी पंगत खाऊन राह्यला. शंभरातले शंभर!"

"कोन हाय तो मेला?" रुखमा म्हनली.

"अपडेट."

आम्ही तिघी तिच्या तोंडाकडं पाहात राह्यलो. रेखाले मालूम होतं, पन तिचं ध्यान घड्याळाकडं. कानवाली हात चालवता चालवताच सांगे, "ज्या कंपनीनं हे बनवलं ना आजी, ते मधीमधी नवं सामान धाडते. आपन मांगत नाई, ते आपोआपच येते. चांगल्यासाठीच येते, चोरचिलटापासून जपाले. हा गडी ते उतरवून घेते, मोजते, जागच्या जागी मांडते. लय मेहनतीचं काम हाय ते. पन तुमच्या इथं ते मांडून होतच नाई. अर्धं मांडलं का कोनीतरी त्याची लाईन तोडते. दुसऱ्या दिवशी बिचारा पुन्हा पयल्यापासून. आता मले सांगा, कोन बंद करते याले?"

तिघींनी रुखमाकडं पाह्यलं.

"माह्याकडं काय पाहता वं?" रुखमा पेटली. "दिवेलागन झाली का मी मेन बटन बंद करते! गेल्या पानकाळ्यात वीज पडून शोभाच्या घरचा टीव्ही जळला तवा सगळ्याइनंच सांगितलं होतं, रुखमा बटन बंद करत जाय. आता माह्यावर नाव!"

"अवं पन ते पडद्यावर लिवेल येत होतं ना, बंद करू नका म्हनून," शोभाबाई म्हनली.

"इंग्रजीत येत होतं! मले इंग्रजीत सांगून काय उपेग?"

कानवाली हसली. एवढ्या घाईत, एवढ्या धाकात, खो खो हसली. म्हने, "काकू, तुमचं बरोबर हाय. तुम्ही घर राखलं. यानंबी घरच राखलं. दोघंही राखनदार अन् दोघाइची गाठ पडली."

मंग ते पुन्हा पडद्याकडं वळली. मी तिच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. तिनं खालचा ओठ दाताखाली धरला. शोभाबाई म्हने, "बंद करून चालू करून पाह्य ना, आम्ही तसंच करतो." कानवाली म्हने, "तेच नाई करायचं. आता बंद केला का हा त्या अर्धवट सामानाले हात घालीन, अन् मंग तासभर आपल्याले आत येऊ देनार नाई. रेखाची येळ निघून जाईन." खरं सांगते, पोरगा गेला तवा बसली होती तशी मी भिंतीले पाठ लावून खाली बसली.

तिनं काय केलं ते मले तिनंच मांगून समजावलं, म्हनून सांगता येते. पयले त्या अपडेटच्या कामाले म्हनलं, थांब. तो थांबला. मंग त्यानं आतापर्यंत उतरवेल अर्धवट, तुटकं-फुटकं सामान ज्या खोलीत टाकेल होतं ते खोली उघडली, अन् सारा ढीग झाडून फेकला. रेखा म्हने, "ताई, काही बिघडनार त नाई?" त म्हने, "चांगल्या सामानाले हात नाई लावून राह्यली. अर्धवटच फेकून राह्यली. नवं पुन्हा येईन, पुरं येईन." अन् मंग त्याले सांगितलं, आता आठवडाभर नवं सामान आनू नको, आम्ही सांगू तवा आन.

अन् एकदम शांत!

पंखा घुर्र घुर्र करत होता, तो हळू झाला, हळू झाला, अन् गप. खोलीत काही आवाज नाई. दिवाळीपासून आमच्या कानात ते मळनीयंत्र चालू होतं, ते बंद. रुखमानं छाती पिटली. "मेलं! अवं माय, मेलं वं! मारून टाकलं हिनं!" शोभाबाईनं तोंडाले पदर लावला. मीही उठून उभी राह्यली. मशीन मेलं असंच वाटलं आम्हाले. आवाज नाई म्हनजे जीव नाई, आम्ही त्याले दुसरं काय समजनार?

"मेलं नाई काकू," कानवाली म्हने, "झोप लागली त्याले. बस रेखा, बस लवकर!"

रेखा बसली. पान उघडलं. फटकन उघडलं! गोल फिरलंच नाई. तिचे बोटं जे चालाले लागले! रुखमा दारात आडवी उभी, बाहेरून कोंबडी आली तरी आत येऊ देऊन नाई राह्यली. अन् कानवाली मेजाखाली जाऊन बसली, वायरीच्या पिनेवर हात ठेवून. "काऊन वं?" मी डोयानं इचारलं. तिनं रुखमाकडं बोट दाखवलं अन् डोया मारला. तशातही!

पेपर झाला. मंग पडद्यावर त्या दवाखान्याची मोठी बाई दिसली, चष्मेवाली. रेखाले काय काय इचारलं. सलाइन, रक्तदाब, काय न् काय. रेखा उत्तरं देत गेली. आधी अडखळत, मंग धडाधड. शेवटी त्या बाईनं इचारलं, "घरी कोण कोण आहे? तुम्ही इतक्या लांब याल, घरच्यांची तयारी आहे का?"

रेखानं मान वळवून माह्याकडं पाह्यलं.

कारन घरात कोन, त मी. अन् हे गोष्ट आम्ही दोघी बोललोच नव्हतो. ते गेली का मी एकटी, हे तिलेही मालूम, मलेही मालूम. तिले वाटे सासूनं म्हनावं, मले वाटे तिनं इचारावं. असं करत करत तो दिवस उजाडला होता.

मेजाखालून कानवालीनं माह्या लुगड्याचा काठ वढला. हळूच म्हने, "आजी, तुमचाच अपडेट अडकून राह्यला. जा समोर."

मी गेली. मले कॅमेरा कुठं ते मालूम नाई, मी पडद्यावरच्या त्या बाईच्या डोयात पाह्यलं. म्हनलं, "मी हाय तिची सासू. घरात मीच हाय, दुसरं कोनी नाई. मी धाडून राह्यली तिले. तुम्ही घ्या." ते बाई हसली. म्हने, "आजी, तुम्ही एकट्या राहाल?" मी म्हनलं, "राह्यलेली हाय मी आधीही. सवय हाय."

पडदा बंद झाला तवा रेखा माह्या गळ्यात पडली. रुखमा रडली, शोभाबाई रडली. मी नाई रडली. कानवाली मेजाखालून निघाली, कपडे झटकले, अन् थंडा झालेला च्या एका घोटात पेऊन टाकला.

जाताना तिनं रुखमाले जवळ बसवलं. म्हने, "काकू, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाले काय करता?" रुखमा म्हने, "खांदेमळनी. खांदे शेकतो, लोनी-हळद चोळतो, जू ठेवत नाई." "का बरं?" "वर्षभर ओढते ना तो. खांदे सुजते त्याचे." "तसंच हाय हे. अपडेट म्हनजे याची खांदेमळनी. ते बंद नाई करायची, नाई त याले रोग लागीन. पन भर पेरनीत कोनी बैल बसवते का? टाइम आपन ठरवायचा. बाजाराच्या दिवशी तुम्ही सगळ्या धाड गावाले जाता, खोली बंद राह्यते. तो दिवस याचा. त्या दिवशी नेट चालू ठेवायचं, लाईन चालू ठेवायची, अन् संध्याकाळी पडद्यावर झालं म्हनून आल्याबिगर मेन बटनाले हात लावायचा नाई. आभाळ गरजलं त मंग बेशक बंद करा." अन् तिनं मशीनलेही तेच समजावून ठेवलं, का कामाच्या येळेत त्रास देऊ नको. रुखमा मान हलवत गेली. तिले पटलं. लयच पटलं.

पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी शोभाबाई खोलीत गेली त किंचाळली. कंपुटरच्या डब्याच्या दोन्ही बाजूनं लोनी अन् हळद! चोपडून चोपडून लावेल! वरून एक पुरनपोळीचा तुकडा. रुखमा शांत. "खांदेमळनी सांगितली होती ना?"

कानवालीले फोन केला त तिकडून कितीक येळ नुस्ता हसन्याचाच आवाज. मंग आली सोता, डबा खोलला, रुईनं पुसून काढला. हसता हसता तिच्या डोयातून पानी. म्हने, "काकू, हजार मशीनी पाह्यल्या असतीन मी, पन कोन्याच मशीनचा एवढा लाड झालेला नाई पाह्यला." रुखमा आधी फुगली, मंग तीही हसाले लागली. अन् खरं सांगू, त्या दिवसापासून मशीन धावाले लागलं ते लागलं. शोभाबाई म्हने अपडेट पुरा झाला म्हनून. रुखमा अजून म्हनते लोन्यानं.

त्याच दिवशी तिनं सांगितलं, "आजी, आता मी येनार नाई. माह्या नवऱ्याले बाहेर काम लागलं, आम्ही गाव सोडून राह्यलो." कुठं, त तिलेही नक्की मालूम नव्हतं. आधी सुरत म्हने, मंग कुठं ते पाहू. मी तिले एक पुडी तिखट देलं, आमच्या गटाचं. तिनं इचारलं, "रेखाचं काय आलं?" मी म्हनलं, "अजून काही नाई." म्हने, "आलं का मले फोन करजा. पयला मले करजा, बरं का आजी. मी वाट पाहीन." पिशवी खांद्यावर टाकली, जीपमंधी मांगं चढली. जीप भरेल होती, तिचा नुस्ता हात दिसला.

तिच्या जान्यानंतर रेखाच्या नोकरीचं पत्र आलं. लागली! रेखाच्या मोबाइलवर आलं, तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, मंग मले वाचून दाखवलं. मी पयला फोन कानवालीले लावाले सांगितला. तो नंबर लागला नाई. दुसऱ्या दिवशी लावला, नाई. आजही लावते मी कवाकवा, तिकडून ते बाई म्हनते हा नंबर अस्तित्वात नाई. शोभाबाई मेहकरकडं लग्नाले गेली होती तवा डोणगावात उतरून इचारून आली. घराले कुलूप. शेजारीन म्हने, सुरतेतूनबी गेले ते, पुढचं नाई मालूम.

रेखा आता तिकडंच हाय. पांढरे कपडे घालते, कोनाकोनाले बरं करते. दिवाळीले येते. मी एकटी राह्यते. रुखमा संध्याकाळी येऊन बसते, आम्ही दोघी भांडतो, दिवस जाते. मले काही कमी नाई. एवढं एकच काम माह्यावर राहून गेलं, ते मले खाते.

म्हनून हे बोलून लिवून घेतलं. तुम्ही जे कोनी वाचून राह्यले, तुमचं गाव कोनतंही असो, तुम्हाले ज्योती भेटली त तिले एवढंच सांगा, का बायजाआजीनं सांगितलं हाय: रेखा लागली.